ठाणाळ्याच्या लेण्यात चावी

पनवेलहून कुठे बाहेरगावी जायचं असलं की मी नेऱ्याच्या त्याच ड्रायव्हरकाकांना बोलावते. रस्त्यात कुत्रं झोपलेलं दिसलं तर ते हॉर्न वाजवत नाहीत. खाली उतरतात आणि ‘उट रं बाबा’ म्हणत त्याला बाजूला करतात. आपण काहीही सांगितलं तरी त्यांचं उत्तर एकच, ‘हाय, हाय.’

परवा माझा भाऊ बरोबर होता. उन्हेऱ्याच्या गरम कुंडात पाय शेकून आम्ही ठाणाळ्याची बौद्ध लेणी बघायला डोंगर चढलो. काकाही आले. वर भाऊ घराच्या चावीने स्तूपावर स्वतःचं नाव कोरू लागला. मी हसत त्याचे फोटो काढत होते.

काकांनी त्याच्या हातातून चावी काढून घेतली आणि सरळ दरीत भिरकावली.

“अहो, वेड लागलंय का? घरात कसा जाऊ मी?” भाऊ ओरडला.

“कुलूप तोडा. नवीन मिलतं,” काका शांतपणे म्हणाले.

उतरताना मी त्यांना गाठलं. “काका, तो चुकलाच. पण तोंडाने सांगायचं होतं.”

ते थांबले. “मी काय सांगनार, ताई? तुमी तर फोटू काडत होत्या.”

पनवेल येईपर्यंत मला त्यांच्याकडे बघवलं नाही.