रस्त्यापलीकडचं क्विनाइन

देवासात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन्ही नुकतीच भारतात विलीन झाली होती, पण ही बातमी माझ्या सासऱ्यांच्या शरीराला कुणी कळवली नव्हती. तीस वर्षं त्यांनी थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकुनी केली होती. भाजी आणायला ते रस्ता खुशाल ओलांडत. औषधाला नाही. दोन्ही पोटातच जातं ना, असं मी एकदा म्हणाले, तर सासूबाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

आमच्या बाजूचा दवाखाना बंद झाला, डॉक्टर धारला निघून गेले आणि त्याच पावसाळ्यानंतर सासऱ्यांना हिवताप भरला. एक दिवसाआड ठरल्या वेळी थंडी वाजायची, चार गोधड्या घातल्या तरी खाट खडखडायची. पलीकडच्या दवाखान्यात क्विनाइनचं मिक्श्चर मिळत होतं. पण धाकट्या पातीचं औषध थोरल्या पातीच्या माणसाला लागू पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमचे शेजारी, तेही जुने दफ्तरातलेच, रोज येऊन दुजोरा देत. पलीकडचं औषध कुणाकुणाला बाधलं ते दोघं मिळून आठवत बसत. त्यातले बहुतेकजण अजून गावात हिंडतफिरत होते, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मला राग यायचा. माणूस वाळून चिपाड होत चाललेला आणि घरात चर्चा सरहद्दीची. शेवटी मी तेलाची बाटली धुतली, पलीकडे जाऊन तीत औषध आणलं, आमच्या जुन्या दवाखान्याची शिक्क्याची बाटली शोधून त्यात ओतलं आणि जुन्या साठ्यातलं थोडं फडताळात सापडलं असं ठोकून दिलं. त्यांनी शिक्का वाचला आणि तोंड उघडलं. तिसऱ्या पाळीला थंडी आली नाही.

दुसऱ्यांदा औषध ओतत होते तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. दोन्ही बाटल्या माझ्या हातात. मी मान खाली घातली. दोन्ही बाटल्यांकडे बघून ते म्हणाले, “सूनबाई, सांडू नका.” नंतर पुरे बरे झाल्यावर ओसरीवर बसून त्यांनी शेजाऱ्यांना जुन्या साठ्याची कीर्ती ऐकवली.

मग शेजाऱ्यांनाच हिवताप आला. त्यांनी अर्थात जुना साठा मागितला. पलीकडचं घेण्यापेक्षा मेलेलं बरं, असं ते म्हणत, आणि आठवड्याभरात ते खरंच होणार असं दिसू लागलं. मी पुन्हा बाटली घेऊन गेले, तर कंपाउंडरनं सांगितलं की आता रोगी समोर आल्याशिवाय औषध मिळणार नाही. सासरे दोन दिवस नीट जेवले नाहीत. खरं सांगावं तर आपली अब्रू जाते, आणि सांगूनही मित्र पिणार नाहीच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पगडी घातली आणि औषधाची खिडकी कुठली ते दाखवायला मला बरोबर घेतलं.

रांगेत त्यांचा नंबर आला. “बुखार किसको है, बासाब?” कंपाउंडरनं विचारलं.

“हमको.”

त्यानं अंगाला हात लावला तर गार. सासरे म्हणाले, “आज नहीं, कल आएगा.” वहीत त्यांनी स्वतःचं नाव लिहून दिलं. मग जीभ दाखवायला सांगितलं. तीस वर्षं थोरल्या पातीचं मीठ खाल्लेली जीभ त्यांनी धाकट्या पातीच्या खिडकीसमोर पूर्ण बाहेर काढली. मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

घरी येऊन बाटली त्यांनी स्वतःच बदलली आणि शेजाऱ्यांच्या उशाशी बसून मात्रा पाजली. शेजाऱ्यांनी तोंड कडू केलं, जरा वेळ चव घोळवली आणि समाधानानं म्हणाले, “ही आपली चव. पलीकडच्यांना जमायची नाही.”

“नाहीच जमायची,” सासरे म्हणाले आणि आपल्या उपरण्यानं त्यांचं तोंड पुसलं.