ताटातलं बोट

दोन हजार सालच्या आसपास कळमनुरीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. तेव्हा मी हौसेनं भुताचा एक खेळ बनवला होता, पाच मिनिटांचा. ओसाड घरात एक बाई आपल्याला जेवायला वाढते, अन् ताटात भातावर बोट असतं. पोरं किंचाळून पळायचं बटण दाबायची आणि मी मागं उभा राहून स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो.

बाजाराच्या दिवशी दोरखंड विकणारा एक माणूस घडीभर पंख्याखाली बसायला यायचा. चपला दाराबाहेर काढायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा. नाव मी कधी विचारलं नाही. एकदा त्यालाच खेळायला बसवलं. म्हटलं, हा तर खुर्चीवरून पडणार.

ताट आलं. तो हललाच नाही.

"पळा ना काका, हे बटण दाबा," मी म्हणालो.

"वाढल्या ताटावरून काहून उठू?" त्यानं डोळे बारीक करून पडद्यावरच्या बाईची बोटं मोजली. "हिला चारच बोटं हायेत. ताटातलं हिचंच हाय. घरात दुसरं काही नसंल हो, सर."

चित्रात पाचवं बोट मला नीट काढता येत नव्हतं, एवढंच खरं होतं. पण ते सांगायचं धाडस झालं नाही.

त्यानं पडद्याला हात जोडले, टोपी घातली अन् गेला.

पोरं पुढंही किंचाळून पळतच राहिली. मला मात्र त्यांचा राग येऊ लागला. बाई एवढ्या मायेनं वाढते, अन् यांना साधं 'पुरे' म्हणायची रीत नाही.