टेंबे बाईंची परीक्षा

मुलांनो, डोळे मिटा बघू. मिटलेत? आता समजा, तुम्ही शाळेतल्या आजारी मुलींच्या खोलीत लोखंडी खाटेवर पडला आहात. बाहेर जेवणाच्या सुट्टीचा गलका चालला आहे, गजांतून आलेलं ऊन पोटावर पडलं आहे आणि तुमच्या काखेत एक सोललेला कांदा आहे. कांदा कशाला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हसू नये. इतरांना सांगायचं तर, काखेत कांदा धरला की ताप चढतो, अशी या कन्याशाळेतल्या दहावीच्या मुलींची फार जुनी समजूत आहे.

तर अशी अक्षदा खरमाटे तापाची वाट पाहत पडली आहे. सकाळीच तिचा सत्कार झाला. ती खो-खोची कर्णधार, आणि तिच्या संघाने विभागीय स्पर्धा जिंकली. नारळ मिळाला, गुलाब मिळाला, मुख्याध्यापिकांचं भाषणही मिळालं. भाषण छान चाललं होतं, मग त्यात ‘पण’ आला. पण हे दहावीचं वर्ष आहे. पण आज दुपारी भूमितीची सराव परीक्षा आहे. तीत जी नापास होईल ती राज्य स्पर्धेला जाणार नाही, मग ती कर्णधार का असेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्षदाने विचार केला, पेपरच दिला नाही तर नापास कशी होणार?

ताप काही येत नाही. डोळे मात्र जड होतात.

“कांद्याचा वास कुठून येतोय?” कोणीतरी विचारतं.

खाटेच्या पायथ्याशी टेंबे बाई उभ्या आहेत. भूमिती शिकवणाऱ्या. तोच उंच अंबाडा, खडूने माखलेले तेच हात. अक्षदा झटकन उभी राहते, कारण टेंबे बाई आल्या की उभं राहायचंच असतं. मग तिला आठवतं, बाई गेल्या श्रावणात वारल्या.

“बाई, तुम्ही तर...”

“गेले. म्हणून काय तास बुडवायचा?” बाई म्हणतात. “चल, मला उशीर होतोय.”

खाट आता नाही. अक्षदा शाळेच्या सभागृहात उभी आहे, पण पायांखाली फरशीऐवजी मैदानाची तांबडी माती आहे. परीक्षेच्या बाकांच्या दोन्ही टोकांना खो-खोचे खांब उभे आहेत. भिंतीवरच्या फोटोंतल्या जुन्या बाई फोटोंतून उतरल्या आहेत आणि नऊवारी सावरत ओळीत उकिडव्या बसल्या आहेत, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. कोणाच्या गळ्यात अजून फोटोचा हार आहे.

बाई हळू आवाजात सगळं समजावतात. वर एक नियम आहे. ज्या मुलीला शिकवणं आपल्याला जमलं नाही, तिच्याकडून एक गोष्ट शिकायची आणि परीक्षा द्यायची. बाईंच्या वाट्याला अक्षदा आली आणि अक्षदाचा खो-खो आला. मागच्या खेपेला बाई नापास झाल्या.

“तुम्ही? नापास?”

“ओरडू नकोस गं. सगळ्या ऐकताहेत.”

अक्षदाला हसू आवरत नाही, पण विद्यार्थिनी समोर आहे म्हटल्यावर ती कंबरेवर हात ठेवते. ती बाईंना पदर खोचायला लावते, ओळीत बसवते, शिट्टी वाजते. बाईंना खो मिळतो. बाई उठतात, चार पावलं धावतात आणि थांबून मागे बघतात. फाउल. पुन्हा बसवलं. पुन्हा उठतात, बरोबर निघाले ना म्हणून मागे वळतात. फाउल. तिसऱ्यांदा तर बाई परत जाऊन आपली जागा पदराने पुसून येतात.

अक्षदाची सहनशक्ती संपते. “बाई, मागे काय ठेवलंय तुमचं? एकदा दिशा घेतली की वळायचं नाही. चुकलं असं वाटलं तरी खांबापर्यंत जायचं. खांबाला वळसा घातला की मग या परत, हवं तेवढं.”

बाई तिथेच उभ्या राहतात. चष्म्यावरून बघतात. वर्गात उत्तर येईपर्यंत अशाच बघायच्या.

“आणि तू पेपरात काय करतेस?” त्या विचारतात. “पहिली रचना जरा चुकली की पुसतेस. पुन्हा काढतेस, पुन्हा पुसतेस. कागदाला भोक पडतं, घंटा होते, पुढचा पेपर कोरा. सारखी पहिल्या पानाकडेच वळतेस की.”

“ते वेगळं, बाई. भूमितीत फाउल नसतो.”

“मग तर आणखी सोपं,” बाई म्हणतात.

शिट्टी वाजते. या खेपेला बाई उठतात आणि अंबाडा सुटला तरी थांबत नाहीत. खांबाला वळसा घालतात, पलीकडून परत येतात. ओळीतल्या जुन्या बाई माना डोलावतात. आता अक्षदाही ओळीत बसलेली आहे, केव्हा बसली तिला कळलेलं नाही. मागून बाईंचा धापा टाकणारा आवाज येतो, “खो!” आणि पाठीवर सणसणीत थाप बसते.

अक्षदा खाटेवर उठून बसते. कांदा फरशीवर घरंगळला आहे. बाहेर घंटा वाजते आहे. शिपाईमावशी दारातून डोकावतात, ताप आलाय का विचारतात. मग त्यांची नजर पडते, आणि निळ्या फ्रॉकला पाठीवर काय फासून घेतलंस म्हणून त्या रागावतात. अक्षदा खांद्यावरून मान वळवून भिंतीवरच्या आरशात बघते. पाठीच्या मधोमध खडूचा पांढरा पंजा उमटला आहे, पाचही बोटांनिशी.

ती परीक्षेच्या वर्गात पोहोचते तेव्हा पेपर वाटून झाले आहेत. वर्गावरच्या बाई उशिराचं कारण विचारतात.

“खो आत्ताच मिळाला, बाई,” ती म्हणते आणि बाकावर बसते.

पहिलीच रचना वर्तुळाची. स्पर्शिका काही केल्या जागेवर बसत नाही, दोन केसांइतकी बाजूने जाते. अक्षदा तिच्याकडे क्षणभर बघते. मग पान उलटते आणि दुसरा प्रश्न सोडवायला घेते.