पूजेच्या सामानातली गोळी

समिधा मांडवकरला कुठल्याही वस्तूच्या आत डोकावल्याशिवाय चैन पडत नाही. माहेरी तिने भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं, पेणकरपाड्यात सासरी आल्यावर मिक्सर. लग्नाला दोन वर्षं होत आली, मूल हवं होतं आणि दिवस राहत नव्हते. मग या बाईने दुसरं काय करावं? स्वतःच्याच आत काय चाललंय ते शोधायला बसली.

मोबाइलवर अ‍ॅप घेतलं. ते महिन्यातून एकदा हिरवं पान दाखवायचं, म्हणजे आज बीज सुटणार. केमिस्टकडून लघवीत बुडवायच्या पट्ट्या आणल्या. बीज सुटायच्या आधी दुसरी रेघ पहिलीइतकी गडद होते, असं पाकिटावर लिहिलेलं. हिरव्या पानाच्या दिवशी समिधा मोरीत उभी राहून पट्टीकडे टक लावायची. रेघ एकच.

"पट्टी खराब असेल," म्हणून तिच्या नवऱ्याने, सार्थकने, एक स्वतःच वापरून पाहिली. एसी दुरुस्त करणारा माणूस. तपासल्याशिवाय कसा राहील? बाहेर येऊन म्हणाला, "माझीपण एकच. म्हणजे पट्टी बरोबर आहे."

दोघं हसली. पण समिधाला आतून धसका बसला. आपल्यात बीज सुटतच नसेल तर?

दिवाळी उरकल्यावर ती डॉक्टर संचितांकडे गेली.

"काही औषधं चालू आहेत?"

"काहीच नाही. साधी डोकेदुखीची गोळीपण नाही."

डॉक्टरांनी अ‍ॅपमधल्या तारखांवरून बोट फिरवलं. "गणपतीत उशिरा. नवरात्रात उशिरा. दिवाळीत परत तेच. तुमची पाळी सणासुदीला सुट्टीवर जाते का?"

"छे, ते गोळ्यांमुळे."

"कुठल्या गोळ्या?"

"पुढे ढकलायच्या. कापूर-वाती आणतो ना, तेव्हाच मम्मी, माझ्या सासूबाई, आणायला सांगतात."

"आत्ता तर म्हणालात, औषध घेत नाही!"

"ते औषध कुठंय मॅडम? ते पूजेचं सामान…"

बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं. तिला एकटीला कशाला हसायचं? चांगल्या शिकल्यासवरल्या बायका या गोळ्या प्रसादासारख्या तोंडात टाकतात आणि विचारलं की "मी काही घेत नाही" म्हणतात.

"बीज सुटलं की साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा तो दिवस मागून मोजायचा. चौदावा दिवस सगळ्यांचाच नसतो. तुम्ही पाळी ढकललीत, अ‍ॅपला तुमची खरी रीत कळलीच नाही. त्याने सरळ चौदावा दिवस धरला, तुमचा पुढे असेल."

"म्हणजे गोळ्यांनी माझं काही कायमचं…"

"कायमचं काही होत नाही. हिशेब बिघडतो. आता दोन महिने काही घेऊ नका. अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, ताणला जाणारा स्राव दिसायला लागला की रोज पट्टी बघा. बीज जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषाचं बीज मात्र आत चार-पाच दिवस तग धरतं, म्हणून आधीचे दिवसही कामाचे. दुसरी रेघ आलीच नाही, तर तपासण्या करू."

मार्गशीर्ष तोंडावर आला. "गुरुवारसाठी गोळी सुरू कर गो," सासूबाई, मंदाताई, म्हणाल्या.

"या वेळी नाही, मम्मी."

"मग घट कोण मांडणार? माझे गुडघे?"

"सार्थक मांडेल." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

मंदाताई रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या पुढे सरकून बसल्या. "केवढं असतं गो ते बीज?"

"सुईच्या टोकाएवढं."

"मला तीन झाली, पण असं काही सुटतं म्हणून कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, ते आत कायमचंच असतं!" मग म्हणाल्या, "आणि देवीकडे मागतो काय आपण? मूलच ना? त्याचा दिवस हरवून त्याच्यासाठीच पूजा! मांडूदे सार्थकला."

सार्थकने घट मांडला, वाकडा. पाळी येऊन गेली. अ‍ॅपचं हिरवं पान आलं नि गेलं, पट्टीवर रेघ एकच. समिधाचं जेवणावरून मन उडालं. पण पुढच्या आठवड्यात तो ताणला जाणारा स्राव दिसला. रोजची पट्टी सुरू झाली, आणि एका संध्याकाळी दुकानातून येऊन ती मोरीत गेली ती ओरडतच बाहेर आली.

"मम्मी! चष्मा लावा!"

मंदाताईंनी पट्टी उजेडात धरली. "ही एक. आणि ही… अगो, दोन्ही सारख्याच!"

"सुटतंय, मम्मी. माझ्यात सुटतंय." समिधा ओट्याला टेकून खालीच बसली.

सार्थक घोडबंदरला कुणाच्या तरी एसीखाली स्टुलावर उभा होता. "गॅस भरून निघतो," तो फोनवर म्हणाला.

"तो उद्या भर!"

एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच ते घर. समिधाने फोन ठेवला तेव्हा मंदाताई पिशवीत साडी कोंबत होत्या.

"कुठे निघालात?"

"बहिणीकडे, चंपाकडे, भाईंदरला. मुक्कामाला."

"आत्ता?"

"मग कधी? एकच दिवस टिकतं म्हणालीस ना?" त्यांनी चपला पायात सरकवल्या. "उद्या दुपारपर्यंत काही मी येत नाही. कडी लावून घे."