ह्यांचं मत

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला, गिऱ्हाइकांना दिसत नाही अशा खोलीत, तो काचा घासतो. चाकावर पाण्याची बारीक धार पडत असते, काच कडेकडेने झिजत फ्रेमच्या मापाची होते आणि नखांत पांढरा लगदा बसतो तो साबणाला दाद देत नाही. नजर अशी की काच ट्यूबलाइटसमोर धरली की केसाएवढा चरा सापडलाच म्हणून समजा. पण दुकान त्याच्या नजरेवर चालत नाही, तोंडावर चालतं. नवा चष्मा चढवून गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहतं, मान इकडून तिकडे वळवतं आणि विचारतं, कसा दिसतो? मालकाची सक्त ताकीद आहे: अशा वेळी मागच्या खोलीतून डोकं बाहेर काढायचं आणि म्हणायचं, "वा, जणू जन्मापासून नाकावर आहे." इतकी वर्षं हे म्हणून म्हणून आता कुणी काहीही 'कसं आहे' विचारलं की त्याच्या तोंडातून आधी 'वा' निघतो. बघायचं काम नंतर.

बायको दिवसभर दातांच्या दवाखान्यात फोन घेते. "नमस्कार, दुखतंय की हलतंय?" असं ती इतक्या मायेने विचारते की लोकांचं अर्धं दुखणं फोनवरच थांबतं. संध्याकाळी घरी येऊन ती स्वयंपाकाचा ब्लॉग लिहिते. प्रत्येक पाककृतीच्या शेवटी एक ठरलेली जागा असते, 'ह्यांचं मत'. घरी ती त्याला अरे-तुरे करते, ब्लॉगवर मात्र तो 'आमचे हे' असतो. सुरुवातीला ह्यांचं मत म्हणजे 'बरं झालंय, पण कांदा कच्चा राहिला' एवढंच असायचं. वाचकांना तेच आवडलं. माणूस खरं बोलतो, असं ते म्हणायचे.

मग गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. खारट, गोड, आंबट तेवढं जिभेला कळायचं, बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, जणू नाक रजेवर गेलंय. तापातून उठल्यावर पहिल्या संध्याकाळी बायकोने मशरूमचं सूप केलं. चार दिवस तिने त्याच्या उशाशी काढले होते. वाटी पुढे ठेवून तिने विचारलं, कसं झालंय? आणि सवयीने तोंडातून 'वा' निघाला. तिचा चेहरा असा उजळला की उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते सूप ब्लॉगवर गेलं होतं, 'ह्यांच्या' मतासकट.

त्यानंतर त्याने एक युक्तीच बसवली. पदार्थाचा रंग बघायचा, बायकोचा चेहरा बघायचा आणि काहीतरी अर्धवट बोलायचं. "शेवटी शेवटी मागून काहीतरी येतं बघ," तो म्हणायचा. काय येतं ते त्यालाही माहीत नसे. पण वाचक लिहायचे, आम्हालाही आलं. वर्षभरात ह्यांचं मत बायकोच्या पाककृतींहून जास्त वाचलं जाऊ लागलं, आणि खरं सांगायची वेळ दररोज एका दिवसाने लांब गेली.

अशात बोलावणं आलं. गावातल्या सगळ्या खाद्य-ब्लॉगवाल्यांची दरवर्षी बागेत सहल भरते, नवऱ्या-बायकांसकट. दोन वर्षं बायको त्या सहलीचे फोटो बोटांनी मोठे करकरून बघत होती. प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा, आणि सगळ्यांना जो आवडेल तो मंडळींच्या पाककृतींच्या पुस्तकात पहिल्या पानावर. तिने अक्रोडाचा केक ठरवला. केक अख्खा न्यायचा, तिथेच कापायचा, त्यामुळे आधी चाखायची सोय नव्हती. त्यात तिला सर्दी झालेली. तिने अक्रोडांचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

"माझं नाक चोंदलंय. डबा उन्हाळ्याआधीचा आहे, खवट तर नाही ना झाले? नीट बघ हं."

त्याने डब्यात नाक घातलं, डोळे मिटले, मान डोलावली. अक्रोड दिसायला चांगले होते; कीड नाही, जाळी नाही. "वा," तो म्हणाला, "आत्ता झाडावरून उतरवल्यासारखे."

बागेत झाडांना कागदी पताका बांधल्या होत्या, सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि अन्नाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. आधी फोटो. माणसं खुर्च्यांवर चढून ताटांवर वाकली होती. सावली कुणाची पडतेय, ती कोथिंबीर जरा डावीकडे झुकवा, असा कालवा चाललेला. एक पाववाला होता, तो पावाबद्दल पोटच्या पोरासारखं बोलत होता: काल जरा नाराज होता, फुगतच नव्हता, मग मी त्याला एकटं सोडलं. या सगळ्यांच्या प्रमुख मोठ्या ताई. त्यांचं बोलणं एकेक शब्द बशीत ठेवून पुढे केल्यासारखं. त्यांनी याचा हात दोन्ही हातांत घेतला. "म्हणजे. हेच. ते. 'हे'," त्या म्हणाल्या, आणि लगेच चार जणी जमल्या. एकीने तर विचारलं की त्या दिवशी मागून येतं म्हणालात ते जायफळच ना? त्याने गूढ हसून मान हलवली. लांबून बायको बघत होती आणि तिची मान दोन बोटं उंच झाली होती.

केक कापला तो त्यानेच. पाववाल्याने पहिला घास घेतला, बराच वेळ चघळला आणि म्हणाला, "धाडसी आहे." सूपांबद्दल लिहिणाऱ्या एक बाई म्हणाल्या, याच्यात एक जुनेपणा आहे. मोठ्या ताईंनी डोळे मिटले. "जुनं. लाकडी. कपाट," त्या म्हणाल्या. या लोकांचं कौतुक असंच असतं असं समजून तो फुलून गेला. त्याने आणखी मोठे तुकडे कापले, नको नको म्हणणाऱ्यांच्या ताटात ठेवले, संकोच करू नका म्हणाला. पाववाला आपला तुकडा रुमालात गुंडाळत होता, तो घरी न्यायलाच असणार. सूपवाल्या बाईंनी हळूच विचारलं, अक्रोड मुद्दाम असे घेतलेत का? तर हा चार सतरंज्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुद्दाम म्हणजे काय, मी स्वतः वास घेऊन पास केलेत."

तेवढ्यात बायकोला शिंका आल्या, एकापाठोपाठ एक, अशा की पताका हलाव्यात. डोळे पुसत, शिंकांनी मोकळं झालेलं नाक ओढत ती आली आणि तिने केकचा कोपरा तोंडात टाकला. चावता चावता तिचा जबडा थांबला. तिने केककडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं. आणि त्याने, सवयीने, भुवया उंचावून 'वा' अशी मान केली.

तिने घास गिळला. मग चेहऱ्यावर दवाखान्यातलं हसू आणून ती सगळ्यांना म्हणाली, "माफ करा, हा केक खाऊ नका. अक्रोड खवट आहेत. घरी दोन डबे होते. ह्यांनी ज्याचा वास घेतला तो नवा, आणि मी घाईत जुना ओतला. चूक माझी."

घरी डबा एकच होता.

मोठ्या ताई त्याच्याकडे वळल्या. "हो का हो?"

सांगायची वेळ होती तर हीच होती. वर्षभर लांब गेलेली वेळ समोर येऊन उभी राहिली होती, आणि आजूबाजूला इतके चेहरे होते, सगळे त्याच्या नाकाकडे बघणारे.

"हो," तो म्हणाला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. होतं असं, घाईत होतं, आमचा पाव एकदा विटेसारखा झाला होता, असं सगळे एकदम बोलू लागले. पुस्तकाचं पहिलं पान सूपवाल्या बाईंना मिळालं. बायकोने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. तो केकचे तुकडे डब्यात भरत बसला, आणि एरवी काचेतला चरा शोधणाऱ्या त्याच्या डोळ्यांना आता जिकडेतिकडे झुडपांखाली टाकलेले केकचे घास दिसू लागले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मांडीवर डबा. ती म्हणाली, "डोळे मीट."

त्याने मिटले. तिने मूठ त्याच्या नाकाखाली धरली. "कसला वास येतोय, सांग."

त्याने लांब श्वास घेतला. "दालचिनी," तो म्हणाला. "जरा जास्तच."

डोळे उघडले तेव्हा मूठ उघडी होती आणि तीत काही नव्हतं.

कधीपासून, असं तिने विचारलं. तापापासून, तो म्हणाला. ती बाहेर बघत वर्षभराचे पदार्थ एकेक करून मागे जात असावी, कारण ती मध्येच थांबली.

"भोपळ्याच्या सूपात मागून येत होतं ते काय होतं रे?"

"काही नव्हतं."

"आणि जायफळ?"

पुढच्या सीटवरची बाई वळून पाहून परत पुढे बघू लागली. सांगणार होतो, असं तो पुटपुटला. डब्याचं झाकण आधीच घट्ट होतं, ते बायकोने पुन्हा दाबलं.

"नाक गेलं त्याचं काही नाही," ती म्हणाली. "नाक काय, गेलं. त्या ताईंनी तुला विचारलं तेव्हा मी दोष माझ्या अंगावर घेतला होता. तू तो घेऊ दिलास."

त्याला उत्तर द्यायचं होतं. पण तोंडात जे काही येत होतं ते सगळं दुकानातलं होतं.

घरी तिने सकाळचं बटाट्याचं सूप गरम केलं. दोन वाट्या ठेवल्या, समोर बसली आणि खायला लागली. कसं झालंय, हे तिने विचारलं नाही. तो चमचा हातात धरून त्या प्रश्नाची वाट बघत राहिला, आणि प्रश्न आलाच नाही तेव्हा त्याने पहिला घास घेतला. पुठ्ठा होता, ओला, गरम. पण जिभेला तेवढं एक कळलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

तिने मान वर केली. आजवर तो असं काही म्हणाला की ती चिमूटभर मीठ उचलून सरळ टाकायची, चाखत कधीच नसे. आता तिने आपला चमचा त्याच्या वाटीत बुडवला, सूप जिभेवर ठेवलं, थोडा वेळ तसंच धरलं. तो खाली वाटीत बघत राहिला.

"हो, कमी आहे," ती म्हणाली, आणि मीठ आणायला उठली.