चष्मेवाल्याचे तीन चष्मे

या चष्मेवाल्याला अख्खी गल्ली 'पावनंबर' म्हणते, आणि तोंडावर म्हणते. दुसरा कुणी असता तर चिडला असता, हा खूश होतो. चष्म्याचा नंबर पावापावाने वाढतो नि उतरतो, आणि त्या एका पावासाठी बाकीचे दुकानदार फारसं डोकं लावत नाहीत. हा लावतो. गिऱ्हाईक म्हणतं, "छान दिसतंय की." हा म्हणतो, "छान नको, बरोबर दिसलं पाहिजे," आणि त्याला पुन्हा खुर्चीत बसवून काच बदलतो. एकतीस वर्षांत याच्याकडचा एकही चष्मा 'नीट दिसत नाही' म्हणून परत आलेला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, कुणी न विचारता, दिवसातून साधारण दोनदा.

दुकान खाली आणि घर वर, मधे अरुंद जिना. वर त्याची बायको. ती प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे गल्ली तिला 'बाई' म्हणते आणि नवराही 'बाई'च म्हणतो. समोर शिंप्याचं दुकान. शिंपी आणि पावनंबर यांचं तीस वर्षांचं मैत्र आहे, म्हणजे तीस वर्षं दोघं एकमेकांच्या कामात खोड्या काढत आलेत.

गेल्या वर्षी या गृहस्थाच्या बाबतीत एक चमत्कार घडला. सकाळी पेपर वाचताना लक्षात आलं, की दूर-जवळ दोन्हींचा चष्मा कपाळावरच राहिलाय आणि तरी अक्षरं दिसताहेत. झालं. महाराजांनी दिवसभर दुकानात येईल त्याला बिनचष्म्याने औषधाच्या डबीवरचा बारीक मजकूर वाचून दाखवला. "वय वाढतंय तसे माझे डोळे तरुण होताहेत," असंही वर सांगितलं. समोरच्या शिंप्याची पाटी मात्र तेव्हापासून धूसर दिसायला लागली होती. ते त्याने कुणाला सांगितलं नाही. शिंप्यालाच पाटी पुसून घ्यायला सांगितलं.

पाटी पुसूनही धूसरच. मग त्याने स्वतःला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःचे डोळे तपासायला घेतले. इथे एक अडचण होती, जी जगात फक्त चष्मेवाल्यालाच येऊ शकते. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्याला तोंडपाठ होता. एकतीस वर्षं रोज तोच तक्ता! झोपेतून उठवून विचारलं असतं तरी खालची ओळ त्याने उलटी म्हणून दाखवली असती. कुठलीही काच लावा, डोळ्यांआधी तोंडच वाचून मोकळं व्हायचं. शेवटी अंदाजाने त्याने एक नंबर ठरवला, नवा चष्मा केला आणि घातला. आठ दिवस बरा चालला. मग तोही धूसर.

आता या काळात बाकी काय काय चाललं होतं तेही सांगायला हवं. पाण्याचा तांब्या दुपारपर्यंत तळ गाठायचा. पाण्याने भागेना म्हणून साहेब कोपऱ्यावरून कोल्ड्रिंकची बाटली आणायचे, आणि ती संपली की आणखी तहान लागायची, की आणखी एक बाटली. दोन चमचे साखरेचे आठ कप चहा वेगळेच. रात्री चारचारदा उठणं. जेवल्यावर खुर्चीतच मान टाकणं. काच घासताना बोटाला चिरलं होतं, ते तीन आठवडे भरून आलं नव्हतं. आणि याची उत्तरं कशी तयार! तहान लागते ती उन्हाने. रात्री उठतो तो पाणी पितो म्हणून. झोप येते ती बाईच्या स्वयंपाकाने. बोट बरं होत नाही, कारण काचच चांगल्या प्रतीची आहे.

शिंप्याने एकाच मोसमात त्याच्या विजारींची कंबर दोनदा आत घेतली. त्यावर पावनंबर म्हणाला, "बघ, व्यायाम न करता बारीक होतोय. जमेल तुला?"

हसण्यावारी नेलेलं सगळं एका दिवशी गळ्याशी आलं. एक चष्मा परत आला. भाजीवालीचा होता. ती बिचारी अगदी संकोचून म्हणाली, "डोकं दुखतं हो हा घातला की." त्याने काच मोजली, तर बुबुळासमोर यायची मधली खूण चुकीच्या जागी पडलेली. त्याच्याच हाताने, त्याच्याच डोळ्यांनी. पुढच्याच आठवड्यात दुसरा परत आला. त्या दिवसापासून आपल्या एकतीस वर्षांविषयी तो कुणाला काही सांगेनासा झाला.

आपले डोळे चालले, असं त्याने मनात धरलं. पाव नंबरासाठी माणसांना दोनदोनदा बसवणारा माणूस अंदाजपंचे चष्मे विकणार नव्हता. डोळे गेले तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर आपण कोण, हे काही त्याला सांगता आलं नसतं. एका दुपारी त्याने पांढरा पुठ्ठा घेतला, ठळक अक्षरांत 'दुकान देणे आहे' असं लिहिलं आणि तो मोठ्या ड्रॉवरमध्ये फ्रेमच्या खोक्यांखाली सरकवून दिला. वर्षअखेरीला लावू म्हणाला. बाईला सांगितलं नाही. तिला सांगायचं म्हणजे ते खरं झालं असतं. रडू आलं त्याला, आणि तेही त्याने डोळ्यांच्याच खात्यावर टाकलं.

उलगडा झाला तो जिन्यात. तिसऱ्यांदा कंबर आत घेतलेली विजार शिंपी द्यायला आला आणि बाईंना म्हणाला, "बाई, जेवायला घालता ना याला?"

"घालते म्हणजे?" बाई कडाडल्या. "दुप्पट जेवतात. आणि पाणी चौपट. रात्री दर तासाला दिवा लागतो आमच्याकडे."

एकाला फक्त कंबर माहीत होती, दुसरीला फक्त तांब्या, आणि डोळ्यांचं तर तो एकटाच जाणत होता. तिघांनी तीन तुकडे आपापल्या खिशात ठेवले होते. बाईंनी नवऱ्याला त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे पुढे घालून नेलं.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त घेतलं. साखर दोनशे शहाऐंशी. "किती पाहिजे?" त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "शंभरच्या आत." पाव नंबरावर तासभर वाद घालणारा माणूस एकशे शहाऐंशीच्या फरकावर काहीच बोलला नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्याच्या आईला मधुमेह होता, दिवसभराचं काम बसून, पोटाचा घेर, त्यावर गोड चहा आणि बाटल्या. साखर रक्तात साचली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकू बघतं, म्हणून सारखं उठणं, म्हणून तहान. खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून थकवा आणि वजन उतरणं. जखमा रेंगाळतात. "आणि डोळ्यातलं भिंग फुगतं. साखर हलली की तुमचा नंबर हलतो. आता साखर खाली येईल तसा तो पुन्हा हलेल. दोन महिने नवा चष्मा करायचा नाही." डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. त्यांनी आतला पडदा पाहिला आणि स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. पावनंबरने मान डोलावली, पण विश्वास काही ठेवला नाही. गोळ्या सुरू करून दहा दिवस होतात न होतात तोच नंबर पुन्हा हलला, आणि याने तिसरा चष्मा केला. आता ड्रॉवरमध्ये तीन चष्मे आणि एक पुठ्ठा.

गोळी देताना डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा सांगितली होती. ही गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. घाम सुटला, हात थरथरले, छाती धडधडली, उगाच चिडचिड झाली, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला तर साखर फार खाली गेली समजायचं आणि तिथल्या तिथे तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची. बाईंनी हे वहीत लिहून घेतलं. यांनी त्यातलं 'साखर बंद' एवढंच ऐकलं.

आणि मग गुणी मुलासारखं वागायचा चंग बांधला. सकाळी गोळी, तासभर चालणं, नाश्ता निम्मा, चहा कोरा. अशाच एका दिवशी दुपारी गिऱ्हाइकांची रीघ लागली. वरून बाईंनी डबा पाठवलेला, तो कोपऱ्यात तसाच. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजायला आले.

शिंपी आपल्या चष्म्याची सैल काडी घट्ट करून घ्यायला आला, तर पावनंबर पंख्याखाली बसून घामाने निथळत होता. स्क्रू हातातून तीनदा पडला. चौथ्यांदा त्याने शिंप्यावरच आवाज चढवला, "तुझी काडीच वाकडी आहे. तूच वाकडा आहेस."

तीस वर्षांत तो असा ओरडला नव्हता. शिंपी म्हणाला, "अरे, बरा आहेस ना?"

"तुझी काडीच वाकडी आहे," तो पुन्हा म्हणाला, अगदी त्याच सुरात, आणि रिकाम्या चिमट्याने हवेतला स्क्रू पिळायला लागला.

शिंप्याने जिन्याच्या तोंडाशी जाऊन बाईंना हाक मारली. बाई आल्या, एक नजर टाकली, तशाच वर गेल्या आणि पेला घेऊन आल्या. पेल्यात तीन चमचे साखर, पाण्यात ढवळलेली.

"साखर बंद आहे माझी," नवरा म्हणाला. शब्द जड येत होते, पण हट्ट शाबूत होता. "तूच म्हणतेस रोज. आणि आता तूच पाजतेस."

"नको रे छळूस," शिंपी म्हणाला.

बाईंनी पहिलीच्या वर्गासाठी राखलेला आवाज काढला. "हात पुढे. पेला धरा. प्यायचं. एक थेंब मागे ठेवायचा नाही."

प्याला. त्या आवाजापुढे कोण काय करणार? बाईंनी घड्याळाकडे बघितलं, आणि साखर मोजायचं छोटं यंत्र काढायला मोठा ड्रॉवर ओढला. यंत्र खोक्यांमागे गेलं होतं. खोकी उचलली तर खाली पुठ्ठा. त्यांनी तो वाचला, होता तसा ठेवला, आणि नवऱ्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला. अठ्ठावन्न. "सत्तरच्या खाली आहे," एवढंच म्हणाल्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा थेंब, ब्याण्णव. मग डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला आणि शेवटचा घास होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

घाम वाळला, हात स्थिर झाले. पावनंबरने शिंप्याकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "तू वाकडा नाहीस."

"काडी आहे," शिंपी म्हणाला.

पुढचे दोन महिने बाईंनी दुकान शाळेसारखं चालवलं. नाश्ता पूर्ण, गोळी वेळेवर, खिशात साखरेची पुडी, दीड वाजता जेवण. काच घासायचं काम तेवढे दिवस दुसऱ्या कारागिराकडे पाठवलं. तो मुकाट्याने ऐकत होता, पण ड्रॉवर उघडताना त्याची नजर खोक्यांवरून फिरायची, ते बाईंना दिसायचं. डोळे परत येतील यावर त्याचा अजून भरवसा बसला नव्हता. वर्षअखेर जवळ आली होती.

दोन महिने भरले त्या दिवशी दुपारी बाई खाली आल्या. साखर महिनाभर जागेवर होती. "बसा खुर्चीत," त्या म्हणाल्या. "आज मी तपासणार."

"तक्ता पाठ आहे मला. उपयोग नाही."

"म्हणून तर नवा केलाय." बाईंनी जुन्या तक्त्यावर आपला तक्ता टांगला. फळ्यावर आयुष्य घालवलेलं अक्षर, वरून खाली लहान होत गेलेलं. शिंपी दारात उभा होता, त्याला आधीच बोलावलेलं असावं.

त्याने तिसरा चष्मा घातला. धूसर. दुसरा घातला. आणखी धूसर. हात हळूहळू जुन्या चष्म्याकडे गेला, सगळं सुरू व्हायच्या आधीच्या. तो घातला आणि गिऱ्हाइकं वाचतात तसं एकेक अक्षर वाचायला लागला.

"दु," तो म्हणाला. "का. न." खालची ओळ. "चा. लू." त्याखालची. "रा. ह. णा. र."

वाचलेलं कानात शिरायला जरा वेळ लागला.

"शेवटची ओळ राहिली," बाई म्हणाल्या.

ती ओळ तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांची होती. त्याने ती वाचली. पाव नंबराचाही फरक नव्हता, टिंबं-वेलांट्यांसकट स्वच्छ दिसत होती. "पण जेवायच्या वेळी बंद."

तो उठला, तक्ता खाली काढला आणि उलटा केला. मागे त्याचं स्वतःचं अक्षर होतं, 'दुकान देणे आहे'. बाईंनी नवा पुठ्ठा घेतलाच नव्हता. तो बराच वेळ त्या दोन बाजू आलटून पालटून बघत राहिला. "कधीपासून माहीत होतं तुला?" त्याने विचारलं.

"तुम्ही हवेतला स्क्रू पिळत होतात तेव्हापासून. मला सांगायचं होतंत. घाबरले होते मी." मग त्यांनी तक्ता त्याच्या हातातून घेतला, सरळ केला आणि पुन्हा भिंतीवर लावला. "आता वर चला. दीड वाजला."

"एक गिऱ्हाईक उभं आहे," तो शिंप्याकडे बोट करून म्हणाला.

"मी गिऱ्हाईक नाही," शिंपी म्हणाला. "मी पण जेवायलाच आलोय."