उत्तम पॉलिशवाला आणि निहारची फायटर

आमच्या समोरच्या दारात राहणारे उत्तम पावसकर भांड्यांवरची नावं पुसायचे.

तसे ते पॉलिशवाले. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यातल्या एकात बफिंगच्या चाकासमोर त्यांचा जन्म गेला. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा डोळे आणि दात सोडले तर सगळा माणूस काळा. पण बिल्डिंगमधल्या आम्हा बायकांना त्यांचा उपयोग वेगळाच होता. दुसऱ्याचं नाव कोरलेली, लग्नामुंजीत आलेली भांडी आम्ही गुपचूप त्यांच्याकडे द्यायचो. माझ्या जावेने स्वतःचं नाव ठसठशीत कोरून दिलेला डबा त्यांनी असा कोरा करून आणला, की तो मी तिच्याच भाचीच्या लग्नात दिला आणि जावेने तो कौतुकाने हातात धरून बघितला.

"जुन्या मालकाचं नाव गेलं की भांडं आपलं, वहिनी," ते म्हणायचे. यावर मी हसायची. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

निहार हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बारावीनंतर उत्तमभाऊंनी त्याला गाळ्यात नेलं. पोराला ती काळी धूळ सोसेना, खोकून खोकून बेजार झाला आणि पंधरवड्यात काम सोडून घरी बसला. तेव्हा उत्तमभाऊ चार कामगारांच्या देखत म्हणाले, "ह्याला हातच नाहीत." मूर्खासारखं बोलले, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. त्या दिवसापासून निहारने बापाशी बोलणं टाकलं. नया नगरमधल्या एका गॅरेजात तो मोटरसायकली शिकायला लागला. दोन खोल्यांच्या घरात सगळा कारभार निहारच्या आईच्या, सुगंधाच्या मार्फत. "आई, त्यांना सांग, पाणी आलंय." "सुगंधा, त्याला म्हणावं, बहिरा नाही मी." सुगंधा मला या नकला करून दाखवायची आणि मधेच डोळ्यांना पदर लावायची.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर निहारने टेम्पोतून एक मोडकी करिझ्मा मोटरसायकल आणली आणि जिन्याखाली ठेवली. बेव्हर्ली पार्कातल्या कुणा मुलाने ती आपटली होती. पुढचं सगळं प्लास्टिक फुटलेलं, इंजिन गेलेलं, वर पावसाळाभर उघड्यावर पडून सांगाडा गंजलेला. कागदपत्रांसकट स्वस्तात मिळाली म्हणे. आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे तक्रारी आमच्याच दारी यायच्या. मी तणतणत खाली गेले.

"काय रे, भंगाराचं दुकान टाकतोयस का?"

"काकू, स्ट्रीटफायटर बनवतोय." त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेला आनंद होता. "पडलेल्या गाडीला परत नटवायचं नाय. फुटलंय ते फेकून द्यायचं, उघडीच ठेवायची. आडवं हँडल, पुढे दोन दिवे, मागचं शेपूट कापायचं. कमी पैशात होते, आणि अशी दुसरी नसते कोणाची."

मी आणखी बडबडले, पण गाडी तिथेच राहिली. दर रविवारी पोर जिन्याखाली उकिडवं बसलेलं. दुसऱ्या गाडीचं इंजिन भंगारवाल्याकडून आणलं. हँडल एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेलं. सीट गॅरेजशेजारच्या रिक्षा शिवणाऱ्याने शिवून दिली. उत्तमभाऊ जाता-येता जिन्यावर उगाच थांबायचे, चप्पल झटकायचे, आणि वर यायचे. विचारायची हिंमत नव्हती.

मग एक दिवस निहार सुगंधाला म्हणाला, "आई, त्यांना विचार, सांगाड्याचा गंज काढून देतील का?"

मी तिथेच होते. उत्तमभाऊ ताटावरून उठले, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मुलाने त्यांच्याकडे काही मागितलं होतं. सांगाडा त्यांनी गाळ्यावर नेला आणि मालकाच्या पाया पडून सुट्टीच्या दिवशी मशीन चालवलं. नुसता गंज नाही काढला. सांधा न् सांधा असा घासला, की तोंड दिसावं. हँडल बसतं त्या मानेजवळ लोखंडात काही अक्षरं-आकडे ठोकलेले होते. तेही त्यांनी सफाईने काढून टाकले. दुसऱ्याची वस्तू आपली करताना त्यांनी जन्मभर हेच केलं होतं.

निहारने सांगाडा बघितला, त्यावरून हात फिरवला. "झकास झालंय, बाबा," तो म्हणाला.

सुगंधाने त्या दिवशी बिल्डिंगभर शिरा वाटला. कशाबद्दल ते कोणाला सांगितलं नाही.

निहारने लगेच सगळ्याला काळा रंग मारून घेतला. "एवढं चमकवलं ते झाकलंन," म्हणून उत्तमभाऊ जरा खट्टू झाले, इतकंच. मानेवरचा नंबर गेलाय हे त्या रंगाखाली कोणालाच कळलं नाही. मेकॅनिक असून निहारलाही नाही. बापाशी बोलणं सुरू झालं होतं, त्याचं लक्ष तिकडेच असणार.

फेब्रुवारीत गाडी पुरी झाली. दिसायला भयंकर होती, खरं सांगते, पण सुरू झाली तेव्हा मलाही बरं वाटलं. "बाबा, बसा. तारोडीपर्यंत जाऊन समुद्र बघून येऊ," निहार म्हणाला. उत्तमभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून मागे बसले आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही सगळ्या गॅलरीत उभ्या होतो.

तारोडी काही आली नाही. वाटेतल्या नाकाबंदीत गाडी अडवली. गाडीच्या आरसी पुस्तकातला इंजिन नंबर जुळेना, म्हणून हवालदाराने हँडलखाली रंग खरवडला. खाली गुळगुळीत लोखंड.

"चेसिस नंबर कुठाय?"

"कसला नंबर?" उत्तमभाऊंनी विचारलं.

"इथे मानेवर ठोकलेला असतो तो. त्याच्यावरून गाडी कोणाची ते कळतं."

"तो होय!" उत्तमभाऊ सुटल्यासारखे हसले. "तो मीच काढला, साहेब. जुन्या मालकाचं होतं ते."

निहारने मान वळवून बापाकडे बघितलं. ते बघणं उत्तमभाऊ अजून विसरले नाहीत.

चौकीवर आमचे हे धावत गेले, मीही गेले. गाडीचा पहिला मालक परदेशी गेलेला, फोन लागेना. नंबर घासलेली गाडी म्हणजे चोरीची, याउपर साहेब काही ऐकेनात. उत्तमभाऊ हात जोडून पुन्हा पुन्हा सांगत होते, "मी घासला. माझ्या ह्या हातांनी घासला. पोराला काय ठाऊक नाय."

"प्रत्येक बाप हेच म्हणतो," साहेब म्हणाले आणि निहारकडे वळले. "काय रे? खरं का?"

निहार बराच वेळ बापाच्या काळ्या नखांकडे बघत राहिला. "नाही, साहेब. मीच घासला."

उत्तमभाऊ ओरडले, टेबलावर डोकं आपटायला लागले, तेव्हा त्यांना बाहेर काढलं. खरं बोलणारा तो एकच माणूस तिथे होता आणि त्याचंच कोणी ऐकलं नाही. माझा इतका संताप झाला, की परतताना मी ह्यांच्याशीच भांडले.

जामीन झाला, पण केस उभी राहिली. गॅरेजचा उस्ताद भला माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बेटा, मैं तो जानता हूँ. कस्टमर को क्या बोलूँ?" चोरीच्या गाडीत अडकलेल्या मेकॅनिकच्या हाती कोण गाडी देणार? निहार वापीला एका कंपनीत लागला. जाताना बापावर चिडलाही नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. बॅग उचलली आणि दारात म्हणाला, "आई, त्यांना सांग, तब्येत सांभाळा."

उत्तमभाऊ तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

त्यानंतर मी एक पातेलं नाव पुसायला दिलं, तर तसंच परत आलं. "राहू दे नाव, वहिनी," एवढंच बोलले.

गाडी चौकीच्या आवारात पडून राहिली. भाईंदरची खारी हवा, लोखंड किती टिकणार? दर रविवारी उत्तमभाऊ खिशात फडकं घेऊन जायचे आणि गाडी पुसून यायचे. शिपाई ओळखीचे झाले होते. मग कधीतरी आमचे हे त्यांना बोलून गेले, की ठोकलेला आकडा लोखंडात खोलवर जातो, गंज चढला की म्हणे कधी कधी पुन्हा उमटतो, आणि पुस्तकातल्या नंबराशी जुळला तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध होईल. धीर द्यायला बोलले, पण कशाला बोलले!

त्या रविवारपासून उत्तमभाऊंनी गाडी पुसणं सोडलं.

परवा मला म्हणाले, "वहिनी, तुमची नजर चांगली आहे. जरा येता?" गेले. दिवे गेलेले, सीट फाटलेली. मानेवरचा उरलेला रंग त्यांनी खरवडून काढला होता आणि तिथे तांबडा गंज धरला होता. ज्या माणसाला ताटावरचा डाग सहन व्हायचा नाही, तो त्या गंजाला बोटही न लावता बघत होता.

"काय दिसतंय का?"

मी वाकून वाकून बघितलं. काही नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे बघून माझ्याने ते सांगवेना.

"पाच असावा," मी म्हटलं.

उत्तमभाऊंचा हात फडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"निहारला तुम्ही फोन करून सांगा, वहिनी," ते म्हणाले. "माझा तो उचलत नाय."